चाल तीच, नाव नवं

चौदा एप्रिलच्या आसपास माजलगावात असाल तर गाण्यापासून सुटका नाही. चौकात डीजेची भिंत, रिक्षात स्पीकर, एसटीत शेजारच्या पोराच्या मोबाइलवर रील. सगळीकडे भीमगीत. पण याच गावातली काही गाणी अशी आहेत, जी ऐकायला कानात हेडफोन घालून जरा शांत बसावं लागतं. ढोलकी नाही, हार्मोनियम नाही, फक्त बायकांचे आवाज. बीड जिल्ह्यातल्या या माजलगावात, भीमनगर वस्तीतल्या बायकांनी १९९६ साली जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि त्या टेपवर उतरवून घेतल्या गेल्या. आज त्या इंटरनेटवर फुकट ऐकता येतात.

गाण्यातून समाजाला शहाणं करणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाहीर येतो. हातात डफ, समोर माइक, खाली भरलेलं मैदान. भीमनगरच्या बायका कुठल्याच स्टेजवर नव्हत्या. त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या बायकांना शाळा माहीत होती. तरी एका मोठ्या उलथापालथीबद्दल त्यांना काय वाटलं, याचा त्यांच्याच आवाजातला पुरावा या ओव्यांत आहे. मराठवाड्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत तो मला कुठे सापडला नाही.

हे रेकॉर्डिंग कसं झालं, ते आधी सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे पुण्याचे दोन अभ्यासक. गी मूळचे फ्रान्सचे, १९७२ मध्ये भारतात आले आणि इथलेच नागरिक झाले. मुळशीकडच्या डोंगरी गावांत गरीब बायकांबरोबर संघटनेचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं की या बायका सभेत जे बोलत नाहीत ते ओवीत बोलतात. मग सुरू झालेलं काम वर्षानुवर्षं चाललं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक सोबत आले आणि कागदावरच्या ओव्यांना आवाज मिळाला. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटने या ओव्या प्रसिद्ध केल्या. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: ओवी गाणारीचं नाव, तिचं गाव आणि तिची वस्ती. लोकगीत म्हटलं की आपण ‘कवी अज्ञात’ लिहून मोकळे होतो. इथे तसं केलेलं नाही.

आता जात्याकडे येऊ, कारण तुमच्यातल्या अनेकांनी जातं फक्त लग्नात हळद दळताना पाहिलं असेल. गेवराई तालुक्यातल्या आमच्या घरचं जातं अंगणात पडून आहे आणि त्याच्या वरच्या पाळीवर मनीप्लांटची कुंडी ठेवलेली आहे. विजेची गिरणी गावात यायच्या आधी भाकरीचं पीठ रोज पहाटे या दगडातून निघायचं. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने ज्वारीचा घास टाकायचा, आणि हे अंधारात, घरातले बाकी सगळे झोपलेले असताना. कष्ट भयंकर. पण दिवसभरात सासू, नवरा, दीर यापैकी कुणीही शेजारी नसलेला तेवढाच एक वेळ. त्यामुळे उघडपणे जे बोलता येत नाही ते तेव्हा गाता यायचं. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद ती ओळ उचलून धरायची.

ओवी आमच्या जिल्ह्याला नवी नाही. मराठीतल्या सुरुवातीच्या ग्रंथांत ज्याचं नाव घेतात तो ‘विवेकसिंधु’ ओवीतच आहे आणि त्याच्या कर्त्याची, मुकुंदराजांची, समाधी अंबाजोगाईला आहे. परळीवरून पुढे थोडं गेलं की गंगाखेड, जनाबाईचं गाव. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसायचा ही कथा माहीत नसलेली म्हातारी आमच्याकडे शोधून सापडायची नाही. म्हणजे जातं, ओवी आणि देव ही सांगड फार जुनी. ओव्यांची एक पद्धतच आहे: दळण सुरू करताना ओव्या मोजायच्या. पहिली या देवाला, दुसरी त्या देवाला, तिसरी आई-बापाला, अशी पाचापर्यंत. नावं गावागावाला बदलतात, मोजणी बदलत नाही. अंधारात जात्याशी बसलेल्या बाईचं हे सकाळचं पहिलं वाक्य.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा प्रसिद्ध आहेत. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, राम-कृष्णाची पूजा करणार नाही. धर्मांतराची लाट गावोगाव पोहोचली. घरातले टाक, मरीआई, खंडोबा नदीत नाहीतर विहिरीत गेले. मेलेली ढोरं ओढायचं काम बंद झालं, येसकरकी सुटली, आणि त्याची शिक्षा म्हणून कुठे बहिष्कार पडला तर कुठे मारहाण झाली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात दोन-चार ओळींत का होईना येतो. त्यात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. देव विहिरीत गेले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दळण होतंच. मग पहिली ओवी कुणाला म्हणायची?

यावर कुठल्या परिषदेत ठराव झाला नाही. कुठल्या पुढाऱ्याने पत्रक काढलं नाही. त्याचं उत्तर बायकांनी जात्यावर बसून दिलं. भीमनगरच्या ओव्या ऐका. मोजणी तीच, चाल तीच. देवांच्या जागी बुद्ध, धम्म, संघ, भीमराव, रमाई ही नावं येऊन बसलेली. वाचताना सोपं वाटतं. पण आपल्या आईने, तिच्या आईने रोज पहाटे घेतलेलं नाव तोंडातून काढून तिथे दुसरं नाव ठेवायचं, आणि तेही अशा चालीत जिच्यात जुनं नाव आपोआप जिभेवर येतं, हे किती अवघड असेल याचा विचार करून पाहा. प्रतिज्ञा एकदा घ्यायची असते. ओवी रोज.

मराठवाड्यात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. महाडचं चवदार तळं, नाशिकचं काळाराम मंदिर ही आंदोलनं ब्रिटिश मुलखात झाली. इकडच्या लोकांपर्यंत त्यांच्या बातम्या उशिरा आणि अर्ध्यामुर्ध्या पोहोचत. बाबासाहेब निजामाच्या हद्दीत आले ते मोजक्या वेळा: ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळच्या मकरणपूरच्या परिषदेसाठी, फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं तेव्हा इकडच्या पोरांना जवळपास शिकायची सोय झाली. पण वाचता येत नाही आणि सभेला जायला मिळत नाही, अशा बाईसाठी बाबासाहेब म्हणजे ऐकलेली गोष्टच. तिने ती ओवीत ओवून घेतली आणि तिथे ती गोष्ट बदलली.

स्टेजवरच्या गाण्यांत बाबासाहेब बहुधा उद्धारकर्ते, कायदेपंडित, दलितांचा बाप. जात्यावर ते नात्यात येतात. ओवीत बाईचा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे भाऊ. माहेरहून येणारा, चोळी-बांगडी करणारा, तिच्या बाजूने उभा राहणारा. तीच जागा कितीतरी ओव्यांत भीमरावांना मिळाली. आणि भाऊ आला की त्याची बायकोही आलीच. रमाबाई २७ मे १९३५ ला गेल्या. त्यांच्या मरणाचं दुःख या बायका अशा गातात, जणू शेजारच्या घरातली बाई आत्ता सकाळी गेली. माझ्या मते या ओव्यांमधलं सगळ्यात अस्सल काही असेल तर हेच. संविधान, दिल्ली, मोटार या गोष्टीही येतात, पण दुरून. रमाईचं गरिबीत झिजणं मात्र त्यांना आतून माहीत होतं. नवरा मोठा आहे, जगासाठी झटतो आहे, आणि घर कुणी चालवायचं? हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

मैदानावरच्या गाण्याला मी कमी लेखत नाही. तिसाच्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे उभे केले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी, मुंबईत कष्ट करताना, अक्षरं शिकले आणि मग आयुष्यभर गावोगाव गात फिरले. शाळेत जा, दारू सोडा, मेलेलं ढोर ओढू नका, हे सभेतल्या भाषणाने जेवढ्या लोकांना पटलं असेल त्याहून किती जास्त लोकांना गाण्याने पटलं, याचा हिशोब करता येणार नाही. मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आषाढीला विठ्ठलाची गाणी म्हणायचा आणि एप्रिलमध्ये भीमाची, आणि दोन्ही कॅसेटी एकाच टपरीवर मिळायच्या. (आमच्या गल्लीत पहिली कॅसेट मोठ्याने वाजायची, दुसरी कधीच नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.) आता मोबाइल. औरंगाबादच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन गायच्या. कुणीतरी फोनवर घेतलेल्या व्हिडिओंनी त्यांना राज्यभर नेलं. त्यांच्या आवाजात मला जात्याची घरघर ऐकू येते, कदाचित माझाच भास असेल.

डीजेवरच्या नव्या गाण्यांबद्दल वडीलधारे नाक मुरडतात. शब्द कमी, ठोका जास्त, नुसती रग. थोडंफार खरं आहे. पण ज्या रस्त्याने आजोबांना पायातलं पायताण हातात घेऊन जावं लागलं, त्या रस्त्यावर नातू स्पीकर लावून नाचत असेल, तर त्या ठोक्यालाही काही अर्थ आहे की नाही?

आणि त्याची किंमतही आहे. मे २०१५ मध्ये बीडला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, शिर्डीला, नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. त्याचा फोन वाजला, रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती, आणि वाद त्यावरून सुरू झाला, असं तक्रारीत म्हटलं होतं. म्हणजे पहाटे, दार लावून, जात्याच्या आवाजाआड जे नाव घेतलं जात होतं ते खिशातल्या फोनमधून भर चौकात वाजलं, तेव्हा ते काहींना सोसलं नाही. भीमनगरच्या बायकांना हे नवं वाटलं नसतं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नाव मिळालं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. एका नावासाठी साडेपंधरा वर्षं. टेपरेकॉर्डर भीमनगरात पोहोचला तो त्यानंतर दोनच वर्षांनी. त्या बायका तेच नाव गात होत्या.

गेल्या दिवाळीत मी या ओव्या माझ्या आजीला ऐकवल्या. ती नव्वदीच्या आसपास आहे, कानाने कमी ऐकते, म्हणून फोन अगदी तिच्या कानाशी धरला. आमचं घर गावाच्या वरच्या आळीतलं. आजीने आयुष्यभर पहिली ओवी विठ्ठलाला म्हटली. गाणं सुरू झालं तशी तिची मान डोलायला लागली आणि उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला, खुंटा धरल्यासारखा.

“चाल तर आपलीच हाय की,” ती म्हणाली. “कुण्या गावच्या ह्या?”

“माजलगावच्या. भीमनगरच्या.”

तिचा हात थांबला. मला वाटलं आता फोन बाजूला सारेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “आमच्या जात्यावं कधी बसल्या न्हाईत त्या.” जरा थांबून, “बसू दिलंच न्हाई म्हना की.”

मी चाल कुणाची होती, कुणी कुणाकडून घेतली, असं काहीबाही विचारायला लागले. तिला त्यात रस नव्हता. ती स्वतःशीच गुणगुणत होती. मोजणीची ओवी तिने धरली, पहिल्या नावापर्यंत आली आणि तिथे अडकली. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तिथेच थांबली.

“परत लाव,” ती म्हणाली.