कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन : सही करण्याआधी
दोन लेकरं झाली की घरात विषय निघतो, 'आता ऑपरेशन करून टाक.' यात गर्भपिशवी काढत नाहीत, फक्त दोन्ही गर्भनळ्या बंद करतात. पाळी सुरूच राहते. बाळंतपणानंतर सात दिवसांत टाक्याचं ऑपरेशन होतं. बिनटाक्याचं, म्हणजे दुर्बिणीचं, नंतर. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत.

संमतीची सही बाईचीच लागते. नवऱ्याची सही सक्तीची नाही, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.

नळ्या पुन्हा जोडायचं ऑपरेशन मोठं, अन् त्यानंतर दिवस राहतीलच असं नाही. मन डळमळत असेल तर तांबी बसवावी. दहा वर्षांची मिळते, हवी तेव्हा काढता येते. ऑपरेशनही साधारण २०० त एकीचं फसतं. पाळी चुकली तर लगेच दवाखाना गाठावा, गर्भ नळीत राहिला तर जिवावर बेततं.

पुरुषाची नसबंदी याहून सोपी, पोटाला हात लावावा लागत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या जवळपास ३८ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के! 'जड काम होणार नाही' ही भीती खोटी आहे. मात्र नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं.