पाच दिवसांची पारख

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खरेदी-विक्रीच्या प्रकरणात एक मोठा मौजेचा श्लोक आहे. विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्यास गिऱ्हाइकाला किती दिवस मिळावेत, याचे जणू कोष्टकच त्यात मांडले आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. दासीला महिना आणि दासाला पंधरवडा, हेही त्याच श्लोकात त्याच दमात सांगितले आहे. माणूस आणि बैल एकाच बाजारात उभे राहण्याचा तो काळ होता, हे आपण विसरू नये. आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला, म्हणजे त्या काळच्या वाहनाला, दिवस दिले आहेत पाच.

या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, आणि महाराष्ट्रात न्यायनिवाड्याला तीच टीका पुढे शतकानुशतके प्रमाण धरली गेली. तेव्हा हे पाच दिवस आपल्याला परके नाहीत. पण पाचच का? बियाणे रुजायला वेळ लागतो, म्हणून दहा दिवस. लोखंड घणाखाली एका दिवसात बोलते. बैलाचे मात्र तसे नाही. पहिल्या दिवशी तो नव्या दावणीला बुजतो, दुसऱ्या दिवशी जुवाखाली मान देतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढावर गाडी अडली की आत मुरलेली खोड बाहेर येते. स्मृतिकाराने कधी बैल हाकला होता की नाही कोण जाणे. पण ज्यांनी हाकला त्यांना विचारून हा नियम केलेला दिसतो.

आज हे आठवण्याचे कारण वेगळे आहे. दिवाळीच्या पाडव्याला वाहन घरी आणण्याची आपल्याकडे हौस असते, आणि अलीकडे मध्यम प्राप्तीच्या घरांतही जुनी पण भारी मोटार घ्यावी असा विचार बोलला जातो. नव्या साध्या गाडीच्या पैशांत आठ-दहा वर्षांची मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू दाराशी उभी राहते. ती पारखायला गिऱ्हाइकाला मिळतात किती दिवस? दिवस कसले, पाव तास! दलाल शेजारी बसतो, सपाट रस्त्यावर एक फेरी होते, गार हवा सुटते, मुले मागच्या बाकावर उड्या मारतात, आणि 'पाडव्याला हवी असेल तर आजच बयाणा द्या' असे वाक्य कानावर येते. पाच दिवसांचा पाव तास कसा झाला, ही हकिगत सांगण्यासारखी आहे.

जनावरांच्या बाजारात पारख दातांवरून होई, अजूनही होते. दुधाचे दात असलेला तो आदत, मग दुसा, चौसा, आणि सगळे दात आले की जुळला. घोड्याचेही तसेच. पाचव्या वर्षाच्या सुमारास त्याचे तोंड पुरे भरते. पुढे खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात आणि आठव्या वर्षापर्यंत बहुधा नाहीसे होतात. दात म्हणजे घोड्याचा जन्मदाखला. म्हणूनच दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण म्हणतो. पैसे मोजून घेतलेल्या जनावराचे मोजावेत, हे त्यातच आले. पण दाखला आला की खोटा दाखलाही येतो. इंग्लंडातल्या घोड्यांच्या सौदागरांनी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत कोरणीने नवे खळगे पाडायला आणि ते डागून काळे करायला सुरुवात केली. जिथे गिऱ्हाईक पाहते तिथेच विकणारा हात फिरवतो, हा नियम तेव्हापासूनचा आहे. जाणता घोडेवाला म्हणून दात पाहून थांबत नाही. डोळ्यावरचे खळगे, सांधे, चाल, पाणी पिताना घेतलेला श्वास, सगळे पाहतो आणि या साक्षी एकमेकींशी जुळतात का ते बघतो. नंदुरबारकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे भोवरे आणि रंग यांची शुभाशुभ चर्चा पुष्कळ चालते, पण शेवटी घोडा चालवून आणि पळवून पाहिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

मोटारीचा दात म्हणजे तिचा मीटर. अंतर मोजण्याची कल्पना मात्र मोटारीहून फार जुनी. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एक रथ वर्णिला आहे. त्याचे चाक चारशे वेढे फिरले की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल होई, आणि दर मैलाला एक खडा काशाच्या भांड्यात टणकन पडे. संध्याकाळी खडे मोजले की दिवसाची मजल कळली. त्या भांड्यातले दोन खडे हळूच काढून घेणारा सारथी तेव्हाही असेलच! विसाव्या शतकात मोटारींवर आकड्यांची चक्रे आली आणि ती उलटी फिरवणारे हातही आले. हा रोग अमेरिकेत इतका बळावला की 1972 साली मीटरशी खेळ करणे हा देशभर गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. आता चक्रे जाऊन आकडे विजेचे झाले, तरी ते बदलण्याची विद्या बंद पडलेली नाही. म्हणून मीटरला एकट्याला विचारू नये. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले नसते आणि चालकाच्या आसनाची कड खचलेली नसते. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातही कारखान्याची खूण असते. चार काचा एका सालच्या आणि पाचवी निराळ्या सालची असली, तर त्या बाजूला काय घडले होते, ते सरळ विचारावे.

आपल्या देशात ही विद्या उशिरा रुजली, याचे कारण मजेशीर आहे. 1960 नंतरच्या काळात नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे हाताशी असलेली जुनी गाडी कधी कधी नव्याच्या सरकारी किमतीहून महाग जाई. तिथे पारखतो कोण! मिळाली हेच भाग्य. परदेशी बड्या गाड्या तर राजेरजवाडे, वकिलाती आणि सिनेमातली माणसे यांच्याकडेच. 1971 साली तनखे बंद झाले आणि संस्थानिकांच्या गाडीखान्यांना उतरती कळा लागली. सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात जुनी भारी गाडी यायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. 1995 साली पुण्याशेजारी मर्सिडीज तयार होऊ लागली, आणि त्यानंतरच या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती फिरू लागल्या.

आता भारी गाडीचे वेगळेपण सांगतो, कारण खरा फास तिथे आहे. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली, तरी तिचा बिघाड पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो.

रोल्स-रॉइसची 1965 साली निघालेली सिल्व्हर शॅडो घ्या. सित्रोएन या फ्रेंच कंपनीकडून परवाना घेऊन तिच्यात तेलाच्या प्रचंड दाबावर चालणारी यंत्रणा बसवली होती. तोच दाब ब्रेक लावी आणि तोच गाडीची पाठ समपातळीत ठेवी. हा दाब साठवणारे गोळे आत असतात. जाणते लोक इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून, ब्रेक पुनःपुन्हा दाबतात आणि धोक्याचा दिवा कितव्या दाबाला लागतो ते मोजतात. पुष्कळ वेळाने लागला तर गोळे ठीक. चार-सहा दाबांत लागला तर विकणाऱ्याशी बोलणे निराळ्या आकड्यापासून सुरू होते. 1980 साली तिच्या जागी सिल्व्हर स्पिरिट आली, तिच्यात ब्रेकच्या नेहमीच्या तेलाऐवजी खनिज तेल लागे. एखाद्या मिस्त्रीने सवयीने जुनेच तेल ओतले की आतली सगळी रबरे फुगून वाया. गाडी मात्र त्या दिवशी चालते, दुसऱ्या दिवशीही चालते!

मर्सिडीजचेही तसेच. 1990 नंतरच्या काही वर्षांतल्या तिच्या गाड्यांत इंजिनाच्या तारांवरचे वेष्टन असे वापरले गेले की उष्णतेने ते काही वर्षांत पापडासारखे चुरू लागले. पुढे 2002 पासूनच्या ई-वर्गाच्या गाड्यांत विजेने चालणारे ब्रेक आले. त्यांचा पंप आपण किती वेळा वापरला गेलो याचा हिशेब स्वतःच ठेवी, आणि ठरलेला आकडा भरला की बदलून मागे. 2004 आणि 2005 साली लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि 2006 मध्ये कंपनीने ती पद्धतच सोडली. यातला कोणताही दोष पाव तासाच्या फेरीत दिसत नाही. म्हणून ज्या जातीची आणि ज्या सालची गाडी घ्यायची, तिचा नेमका कोणता अवयव कच्चा निघाला, हे गाडी पाहायला जाण्याआधी त्या गाड्यांवर काम करणाऱ्या मिस्त्रीकडून ऐकून जावे.

आणि पाणी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत किती मोटारी छतापर्यंत बुडाल्या ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 2015 च्या डिसेंबरात चेन्नईची तीच गत झाली. बुडालेल्या गाडीचे विम्याचे पैसे मालकाला मिळतात, गाडी भंगार म्हणून कोणी उचलतो, धुऊनपुसून दुसऱ्या प्रांतात नेतो. वर पॉलिश आणि आत अत्तराचा वास! अशी गाडी ओळखायची तर आसनाचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढावा. तिथवर धुण्याचे कोणाला सुचत नाही आणि गाळाची रेघ तशीच राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवावे, आसनाखालच्या बोल्टांवर गंज पाहावा, पुढच्या दिव्यांच्या काचेआड धुके पाहावे.

या साऱ्या व्यवहाराचे मर्म एका अर्थशास्त्रज्ञाने सांगितले, आणि त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध आहे. अमेरिकन बोलीत सदा बिघडणाऱ्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. (आपण गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधतो, तिकडे गाडीच लिंबू निघते!) जॉर्ज अकरलॉफ या तरुण प्राध्यापकाने या लिंबांच्या बाजारावर निबंध लिहिला. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा भीतीने सर्वच गाड्यांना कमी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात उरतात ती लिंबे. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत केला. पहिला नकार आला तेव्हा लेखक दिल्लीत होता. 1970 साली तो छापला गेला आणि 2001 मध्ये अकरलॉफना इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले. त्या निबंधात मोटारींच्या जोडीला आपल्याकडची तांदूळ निवडणारी गृहिणी आहे: तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले, आणि ते वेचणारी ती. माझ्या मते जुनी मोटार पाहायला जाताना घरातल्या या व्यक्तीला बरोबर न्यावे. पुरुषमंडळी बॉनेट उघडून नुसती मान डोलावतात. खडा वेचण्याची सवय निराळी असते.

स्मृतीचे पाच दिवस दलाल देणार नाही, पण ते मागून घेता येतात, तुकड्यातुकड्यांनी. एके दिवशी सकाळी न कळवता जावे आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट असेल तर आपल्या येण्याआधी इंजिन तापवून ठेवले आहे, कारण थंड इंजिन खोटे बोलत नाही. पहिल्या धुराचा रंग पाहावा: निळा असेल तर तेल जळते, दाट पांढरा धूर गोडसर वासाने बराच वेळ टिकला तर आत पाणी शिरते. दुसऱ्या दिवशी गाडी एखाद्या घाटाच्या चढावर न्यावी. तिसऱ्या दिवशी आपल्या, त्यांच्या नव्हे, मिस्त्रीच्या खड्ड्यावर चढवावी. ज्या गाडीची हवेवर तोललेली पाठ रात्रीत खाली बसते ती सकाळी पाहिली तरच कळते. चौथा दिवस कागदांचा. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो तसा गाडीच्या नोंदणीवरही कर्जाचा असतो. तो उतरल्याचे बँकेचे पत्र हवे. सांगाड्यावरचा क्रमांक स्वतः वाचून कागदाशी जुळवावा. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवरच्या बंदीवर 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्यावर तिकडच्या बड्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. अशा गाडीचा भाव ऐकताना ना हरकत दाखला आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर यांची बेरीज आधी करावी. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने असाही निर्णय दिला की विकलेली गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली राहिली, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून नाव बदलून घेण्याची निकड विकणाऱ्यालाही असायला हवी. नसेल, तर का नाही ते विचारावे. नाव बदलले की विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा.

पाचव्या दिवशी पैसे. ते मोजण्याआधी दुसरी किल्ली मागावी. या गाड्यांची किल्ली बाजारातल्या कुलूपवाल्याकडे होत नाही. ती परदेशातून, गाडीच्या क्रमांकावरून मागवावी लागते आणि तिचा खर्च एखाद्या घरातल्या दिवाळीच्या साऱ्या खर्चाएवढा होतो. 'ती हरवली हो' असे उत्तर आले, तर ती कोणाच्या खिशात असू शकेल याचा विचार घरी जाऊन, फराळाचे ताट पुढे घेऊन, सावकाश करावा.