तापट सर्जन आणि गप्प राहिलेली सिस्टर: धाकाने काम खरेच सुधारते का?

“डॉक्टर तापट आहेत हो, पण हाताला गुण आहे.” ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही दवाखान्यात बाकावर बसा, हे वाक्य कानावर येतेच. सर्जन सिस्टरवर खेकसले, ज्युनियर डॉक्टरला चारचौघांत झापले, की पेशंटच्या नातेवाइकांना उलट धीर येतो. डॉक्टर कडक आहेत म्हणजे काम चोख होणार, असा साधा हिशेब. आमच्या व्यवसायातही हा समज जुना आहे. “आम्ही बोलणी खाऊनच शिकलो,” असे अभिमानाने सांगणारे डॉक्टर तुम्हाला भेटतील.

हा समज कितपत खरा आहे? ऑपरेशन तुमचे किंवा तुमच्या घरच्यांचे असेल, तर हा प्रश्न जिवाशी जाऊन भिडतो. म्हणून आज थोडा इतिहास पाहू. सुरुवात आपल्या कल्याणपासून.

कल्याणची आनंदी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्या काळात असा नवरा मिळणे दुर्मीळच. पण त्यांच्या शिकवण्यात मारहाण होती.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली नाही, ही सल त्यांच्या मनात राहिली आणि डॉक्टर होण्याचा निश्चय त्यातून पक्का झाला. १८८३ मध्ये त्या पतीशिवाय कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकून मार्च १८८६ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

“गोपाळराव कडक होते, म्हणून आनंदी डॉक्टर झाली,” असे अनेक जण म्हणतात. स्वतः आनंदीबाईंना काय वाटत होते? अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी हा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकणे, सोडून जाण्याची धमकी, हे सगळे त्यात येते. तुमची वागणूक चांगली की वाईट, हे ठरवणे अवघड आहे, असे त्या म्हणतात. हेतू पाहिला तर बरोबर वाटते; मुलाच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर चूक. आणि गप्प बसून सोसण्यावाचून आपल्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, हेही त्या स्पष्ट लिहितात.

या गोष्टीतून मला तीन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. पहिला: डॉक्टरकीचे प्रत्यक्ष शिक्षण आनंदीबाईंनी धाकाखाली घेतले नाही. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली आणि ज्यांना त्या मावशी मानत त्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या आधाराने त्या शिकल्या. दुसरा: खुर्च्या अंगावर आल्यामुळे ज्या मुलींनी पुस्तकच कायमचे मिटले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. टिकून राहिलेल्या एका व्यक्तीवरून पद्धत चांगली ठरवता येत नाही. तिसरा मुद्दा गप्प बसण्याचा. धाकाचा सर्वांत हमखास परिणाम तोच असतो. शिकणारी व्यक्ती एकटी असेल तर नुकसान तिचे होते. ऑपरेशन थिएटरमध्ये पाच-सहा जण मिळून काम करतात. तिथे एक जण गप्प बसला, तर नुकसान टेबलावरच्या पेशंटचे होते.

हातमोजे कुठून आले?

आनंदीबाईंना पदवी मिळाल्यावर तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, फिलाडेल्फियापासून जवळच असलेल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झाले. तिथले मुख्य सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी सर्जन घडवण्याची जी पद्धत बसवली, तिचा प्रभाव पुढे जगभर पसरला. शिकाऊ डॉक्टरांनी हॉस्पिटलमध्येच राहायचे, वर्षानुवर्षे राबायचे आणि एकेक पायरी चढत जायचे. पायथ्याला अनेक, शिखरावर एक. आज आपण ‘रेसिडेंट डॉक्टर’ म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ हॉस्पिटलमध्ये राहणारा डॉक्टर. हॉलस्टेड तंत्राबाबत अतिशय काटेकोर होते आणि त्यांच्या खोचक बोलण्याचा ज्युनियर डॉक्टरांना धाक होता.

पण त्यांच्याच थिएटरमधली एक गोष्ट पाहा. कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या सिस्टरच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे पुरळ येत असे. त्यांची तक्रार हॉलस्टेड यांनी मनावर घेतली आणि गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. हेतू फक्त त्यांचे हात वाचवण्याचा होता. पुढे त्यांच्याच एका सहकाऱ्याने दाखवून दिले, की सर्जनने हातमोजे घातले तर जखमेतला जंतुसंसर्गही कमी होतो. (हॅम्प्टन आणि हॉलस्टेड यांचे १८९० मध्ये लग्न झाले, ही गोष्ट वेगळी!) लक्षात घ्या, एवढी मोठी सुधारणा घडली ती एका सिस्टरने अडचण सांगितली आणि प्रमुखाने ती ऐकली म्हणून.

सिस्टरला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

त्याच हॉस्पिटलमध्ये २००१ मध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच पायऱ्यांची यादी केली. हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसणे अशा या पायऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असतात. नवे होते ते पुढचे: डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर सिस्टरने त्याला थांबवायचे आणि प्रशासनाने तिच्या पाठीशी उभे राहायचे. नळीतून होणारा संसर्ग जवळजवळ नाहीसा झाला.

यातून प्रेरणा घेऊन डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ‘सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट’ आणली. गवांदे अमेरिकेत वाढले, पण त्यांच्या वडिलांचे मूळ गाव विदर्भातले. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत ही १९ मुद्द्यांची यादी वापरून पाहिली गेली. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादीतला एक मुद्दा वरवर किरकोळ वाटतो: सुरुवातीला प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा तोंड उघडले, की गरज पडेल तेव्हा पुन्हा बोलणे सोपे जाते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाली, तेव्हा १०० हून अधिक हॉस्पिटलांच्या २०१४ मधील अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. कारणे अनेक असू शकतात. मात्र कागदावर टिकमार्क करून भागत नाही, हे नक्की. बोलायला भिणाऱ्या टीमच्या हातात यादी दिली, तर तो आणखी एक फॉर्म होतो.

अपमानानंतर मेंदूचे काय होते?

उद्धटपणाचा कामावर होणारा परिणाम प्रयोगांनी मोजला गेला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील अभ्यासात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ टीमना आजारी बाळाचा बनावट प्रसंग दिला गेला. काही टीमना परदेशी तज्ज्ञाकडून थोडे अपमानास्पद बोलणे ऐकावे लागले, बाकीच्यांना साधे बोलणे. अपमान झालेल्या टीमचे निदानही कमी पडले आणि उपचारही. त्यांनी एकमेकांना माहिती कमी दिली, मदतही कमी मागितली.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात भूलशास्त्राच्या ७६ शिकाऊ डॉक्टरांना ऑपरेशनमधला छुपा रक्तस्राव ओळखायचा होता. सर्जन नीट वागला, तेव्हा ९१ टक्के डॉक्टरांचे काम अपेक्षित दर्जाचे झाले. सर्जन उद्धट वागला, तेव्हा फक्त ६४ टक्के.

कारण समजायला सोपे आहे. अपमान झाला की आपले बरेचसे लक्ष त्यातच अडकते. “मी काय चुकलो? आता पुन्हा बोललो तर?” समोरच्या मॉनिटरसाठी मग लक्ष उरतेच किती?

कडक नियम आणि कडू जीभ

याचा अर्थ थिएटरमध्ये सगळे गोड गोड असावे, असा नाही. रक्तस्राव सुरू असताना सर्जनचा आवाज चढणारच. गॉज मोजल्याशिवाय पोट शिवायचे नाही, हा नियम कितीही कडकपणे पाळला तरी चांगलाच. हॉलस्टेड यांचा काटेकोरपणा आपल्याला हवा आहे, खोचक बोलणे नको. “हात पुन्हा धुऊन या,” हे सांगणे म्हणजे शिस्त. “तुला अक्कल आहे का?” हे विचारल्याने हात स्वच्छ होत नाहीत. फक्त पुढच्या वेळी समोरचा माणूस चूक लपवतो.

पेशंटने काय करावे?

१. डॉक्टर निवडताना ते सिस्टरशी आणि सहकाऱ्यांशी कसे बोलतात, तेही पाहा. कौशल्य आणि अनुभव महत्त्वाचे आहेतच, पण तापटपणा हा कौशल्याचा पुरावा नाही. गोड बोलणेही नाही.

२. ऑपरेशनआधी “तुमच्याकडे सेफ्टी चेकलिस्ट वापरतात का?” असे जरूर विचारा. कोणी तुमचे नाव, ऑपरेशनची बाजू किंवा औषधाची ॲलर्जी पुन्हा पुन्हा विचारले, तर वैतागू नका. ते तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.

३. सिस्टर किंवा ज्युनियर डॉक्टरने शंका काढली, तर “मोठे डॉक्टर सांगतील ते करा” असे म्हणून त्यांना गप्प करू नका.

४. सर्वांत महत्त्वाचे: डॉक्टर ओरडतील या भीतीने काहीही लपवू नका. चुकलेल्या गोळ्या, परस्पर घेतलेला काढा, तंबाखू, ऑपरेशनच्या सकाळी घेतलेला चहा, सगळे सांगा. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे नाही हे कळले, तर ऑपरेशन पुढे ढकलता येते. नंतर कळले, तर पोटातले फुफ्फुसात जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

तुमच्या उपचाराच्या टीममध्ये तुम्हीही आहात. ज्यांच्यासमोर खरे बोलायची भीती वाटते, अशा डॉक्टरांच्या हाताला गुण असला, तरी तुमची अर्धीच माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते.