सांसर्गिक गर्भपात : एका पशुरोगाच्या शोधाचा इतिहास

गाय गाभडणे ही पशुपालकाला पिढ्यानुपिढ्या परिचित असलेली आपत्ती होय. वासरू जाते, दूध घटते, वार अडकते आणि पुष्कळदा पुढील गर्भधारणाही लांबते. मार लागणे, बुरसलेला चारा इत्यादी नाना कारणे तिच्यासाठी पुढे केली जात. तथापि एकीमागोमाग गोठ्यातील दुसरी, तिसरी गायही गाभडते, या अनुभवावरून एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पशुपालकांना हा विकार सांसर्गिक असावा असा संशय होता. त्याला शास्त्रीय आधार मिळण्यास १८९७ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी कोपनहेगन येथील बर्नहार्ड बांग यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. गर्भपाताची लक्षणे दाखविणारी एक गाभण गाय विकत घेऊन त्यांनी मारविली होती. गर्भाशयाचे अस्तर व गर्भाची आवरणे यांच्या दरम्यान साठलेल्या स्रावात त्यांना एक सूक्ष्म दंडाकृती जंतू आढळला. त्याची शुद्ध वाढ करून ती अन्य गाभण गायींच्या शरीरात घातली असता त्याही गाभडल्या.

याच्या दहा वर्षे आधी, १८८७ मध्ये, डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी वैद्याने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू वेगळा केला होता. हा ताप शेळ्यांच्या दुधातून येतो, हे थेमिस्टोक्लीस झामिट यांच्या १९०५ मधील शोधाने उघड झाले. १९०६ मध्ये सैनिकांना ते दूध देणे बंद होताच छावणीतील ताप झपाट्याने ओसरला.

हे दोन्ही जंतू निकटचे सगोत्र आहेत, हे मात्र बांग यांच्या शोधानंतर एकवीस वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. एकाची गणना गोलाकार जंतूंत, दुसऱ्याची दंडाकृती जंतूंत होत होती. एक वैद्यांच्या अभ्यासाचा विषय होता, दुसरा पशुवैद्यांच्या. अमेरिकन कृषिखात्यातील अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये हे साम्य दाखवून कच्च्या दुधाविषयी इशारा दिला, तेव्हा त्यावर अविश्वासच दाखविला गेला. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच या रोगाची बाधा झाली. दरम्यान १९२० मध्ये ब्रूस यांच्या नावावरून या जंतुगणाला ‘ब्रुसेला’ ही संज्ञा देण्यात आली होती.

हा जंतू नेमका गर्भावरणातच का माजतो, याचा उलगडा १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये होऊ लागला. गाय, मेंढी व शेळी यांच्या गर्भावरणांत एरिथ्रिटॉल नावाचे शर्करासदृश द्रव्य असते व ते या जंतूच्या वाढीस पोषक ठरते. मेंढ्यांच्या बाबतीत चित्र दुहेरी आहे. माल्टा तापाचाच जंतू मेंढ्यांना गाभडवितो. तर १९५३ मध्ये न्यूझीलंडमध्ये वर्णिलेली ‘ब्रुसेला ओव्हिस’ ही जात प्रामुख्याने नरांच्या वृषणालगतच्या नलिकांना सूज आणून त्यांची प्रजननक्षमता घटविते. अशा कळपात दोष मेंढ्यांवर येतो, परंतु मूळ नरात असते.

निवारणाची साधने क्रमाने लाभली. जॉन बक यांनी १९२३ मध्ये एका गायीच्या दुधातून मिळविलेला जंतुवाण प्रयोगशाळेत दीर्घकाळ राहून सौम्य झाला. तोच ‘स्ट्रेन १९’ लशीचा आधार होय. १९३७ मध्ये जर्मनीत दुधाची वलय-चाचणी निघाली. शेळ्यामेंढ्यांसाठी पुढे ‘रेव्ह-१’ लस तयार झाली. चाचणी, बाधित जनावरांची कत्तल व भरपाई या मार्गाने ग्रेट ब्रिटन १९८५ मध्ये रोगमुक्त ठरले.

भारतात गोवधास असलेला सामाजिक व कायदेशीर प्रतिबंध पाहता तो मार्ग जवळजवळ बंद आहे. म्हणून २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना लस टोचण्यावर भर दिला गेला. परंतु लस बाधित जनावराला बरे करीत नाही. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलणारा पशुपालक आणि कच्चे दूध पिणारे त्याचे कुटुंब यांचा धोका त्यामुळे कायम राहतो. गर्भ व वार खोल पुरणे, हात झाकणे आणि दूध तापविणे हे साधे उपाय म्हणूनच लशीइतके महत्त्वाचे ठरतात. गोठा आणि घर यांचे आरोग्य वेगळे मानल्याने एकवीस वर्षे वाया गेली, हा या इतिहासाचा मुख्य बोध होय.