अंगावरून किती गेलं?

बाळंतपणात रक्तस्राव वाढला की मराठीत म्हणतात, ‘अंगावरून फार गेलं.’ या ‘फार’ला आकडा नाही. सुईण भिजलेल्या लुगड्यांवरून ठरवी, डॉक्टर बोळ्यांवरून. शिरड शहापूर असो की मुंबई, माप एकच: डोळा.

अंगात एकूण रक्त किती, याचा हिशेब मात्र जुना आहे. 19व्या शतकाच्या मध्यास जर्मनीत बिशॉफने शिरच्छेद झालेल्या गुन्हेगारांच्या रक्तवाहिन्या पाण्याने धुतल्या, त्या धुवणाचा रंग ताडून पाहिला आणि उत्तर काढलं: वजनाचा साधारण तेरावा हिस्सा. जिवंत माणसावर हे कसं करणार? 1900 मध्ये हॉल्डेन आणि लॉरेन स्मिथ यांनी मोजका कार्बन मोनॉक्साइड हुंगवला. 1915 मध्ये अमेरिकेत शिरेत रंग सोडला गेला, पुढे किरणोत्सारी क्रोमियम आलं. युक्ती तीच: मोजून काही मिसळायचं आणि ते किती पातळ झालं ते पाहायचं. गरोदरपणी रक्त चाळीसेक टक्क्यांनी वाढतं, हे अशाच मोजणीतून कळलं. निरोगी बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी सावरते ती या शिलकीवर. पंडुरोगी बाईजवळ ती शिल्लक अपुरी.

पण वाहून गेलेलं रक्त?

त्यावर तोडगा निघाला बेळगावात. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले कोडकनी, गौडर आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांच्या कामातून ‘ब्रास-व्ही’ ही प्लास्टिकची चादर पुढे आली. नाव सात जणांच्या आद्याक्षरांचं. वस्तू अगदी साधी. बाळ बाहेर आलं की ती बाईच्या खाली सरकवायची, कमरेला पट्टे बांधायचे. रक्त खालच्या नरसाळ्यासारख्या पिशवीत उतरतं आणि पिशवीवर मापाच्या रेघा असतात. तुलना केली तेव्हा डोळ्यांचा अंदाज पिशवीपेक्षा 33 टक्क्यांनी कमी भरला.

2002 ते 2005 दरम्यान बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत नर्सबाईंनी हीच पिशवी वापरून 1,620 बाळंतिणींचं रक्त मोजलं. रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घेतलेल्यांत अतिरक्तस्राव 6.4 टक्के, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्यांत 12. गोळीचा गवगवा झाला, पिशवीचा फारसा नाही.

2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांची चाचणी प्रसिद्ध झाली. रेघांची चादर आणि लगेच उपचार, असा तिचा बेत. तिथे अतिरक्तस्रावाच्या 93 टक्के बायका वेळेत ओळखू आल्या. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या रुग्णालयांत, 51 टक्के.