हातानें घडलेलीं शुभेच्छापत्रें

वाढदिवसाच्या सकाळीं टपालवाला एक जाडसर पाकीट आणून देतो. आंत घडीचा कागद, त्यावर गुलाबाचें चित्र, भोंवतीं जाळीदार कागदाची किनार, आणि घडी उलगडली कीं चार ओळींचा मजकूर. पाहणारा तें क्षणभर न्याहाळतो आणि मेजावर उभें करून ठेवतो. एवढ्याशा वस्तूला कांहीं इतिहास असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु तीन-चार देशांचें कसब ह्या कागदांत एकत्र आलेलें आहे. टपालाच्या एका मोठ्या सुधारणेचा त्यांत वांटा आहे. आणि घरबसल्या स्त्रियांना काम मिळवून देणाऱ्या एका उद्योगाची कथाहि त्यांतच दडलेली आहे.

इ. स. १८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, व बहुधा तें पत्र घेणारालाच भरावें लागे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, असा हिशेब असल्यामुळें पाकीट वापरणें ही चैनच होती. अशा स्थितींत स्नेह्यासोबत्यांना नुसत्या शोभेचा कागद कोण पाठविणार? १० जानेवारी १८४० रोजीं रोलंड हिल ह्यांची योजना अमलांत आली, आणि अर्ध्या औंसापर्यंतचें पत्र देशांत कोठेंहि एका पेनींत जाऊं लागलें. आतां कागद किती हें कोणी मोजीना. फक्त वजन पाहिलें जाई. अमेरिकेंतहि १८४५ च्या कायद्यानें हशील उतरलें व १८४७ सालीं सरकारी टपालतिकिटें निघालीं. पत्रास पाकीट मिळालें, आणि पाकिटांत नाजुक वस्तु सुरक्षित राहूं लागली.

ह्या नाजुक वस्तूची सामग्रीहि त्याच सुमारास तयार होत होती. इंग्लंडांतील कारागीर पोलादी साच्यावर कागद दाबून त्यावर फुलापानांचा उठाव आणीत. १८३४ च्या सुमारास जोसेफ ॲडेनब्रुक नांवाच्या कारागिरानें ह्या उठावाचे उंच भाग कानशीनें घासून काढले आणि कागदाला लेसप्रमाणें जाळी पडली, असें सांगतात. दुसरीकडे जर्मनींत आलोइस सेनेफेल्डर ह्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची कला शोधून काढली होती. १८३७ सालीं एंगेलमान ह्यानें रंगीत शिळाछापाच्या पद्धतीचें पेटंट फ्रान्समध्यें घेतलें. प्रत्येक रंगाला निराळी शिळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंगाचे ठसे. एक ठसा केंसभर सरकला तरी चित्र बिघडावयाचें! पुढें जर्मन छापखान्यांनीं अशीं चित्रें छापून, त्यांना उठाव देऊन, पोलादी साच्यांनीं नेमक्या कडेनें कापून विकण्याचा मोठा धंदा केला. देवदूत, कबुतरें, फुलांचे गुच्छ हीं सर्व कागदाच्या बारीक पट्ट्यांनीं एकमेकांस जोडलेलीं असत. तोडावें आणि चिकटवावें. ह्याच रंगीत शिळाछापाचा छापखाना पुढें १८९४ सालीं राजा रविवर्मा ह्यांनीं मुंबईस काढला, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना जर व टिकल्या लावण्याचा छंद आपल्याकडील अनेक घरांत रुजला. छापील चित्राला आपल्या हातानें सजविल्याशिवाय तें आपलें वाटत नाहीं, ही भावना दोन्हीकडे सारखीच होती.

सामग्री तयार होती. तिला एकत्र आणणारी कल्पक दृष्टि तेवढी हवी होती. अमेरिकेंत मॅसॅच्यूसेट्स संस्थानांतील वुस्टर गांवीं एस्थर हाउलंड ह्या तरुणीच्या ठायीं ती होती. एस्थरचा जन्म १८२८ चा. तिच्या वडिलांचें गांवांत पुस्तकांचें व लेखनसाहित्याचें दुकान होतें. मेरी लायन ह्या बाईंनीं १८३७ सालीं सुरू केलेल्या माउंट होलिओक येथील स्त्रीशिक्षणसंस्थेंतून १८४७ सालीं तिनें आपलें शिक्षण पुरें केलें. मेरी लायन मोठ्या कडक शिस्तीच्या. चौदा फेब्रुवारीस, म्हणजे संत व्हॅलेंटाइनच्या दिवशीं, प्रेमाचे व स्नेहाचे कागद पाठविण्याची जी प्रथा होती, ती त्यांना मुळींच पसंत नव्हती. पुढें त्याच कागदांचा व्यापार त्यांच्याच एका विद्यार्थिनीनें थाटावा, हा योगायोग मोठा गमतीचा खरा!

शाळेंतून परत आल्यानंतर थोड्याच दिवसांत, वडिलांच्या व्यापारी ओळखींतून, इंग्लंडांत तयार झालेलें असें एक पत्र एस्थरच्या हातीं आलें. तें पाहतांच, असें आपल्यालाहि करतां येईल, असें तिला वाटलें. वडिलांनीं इंग्लंडांतून जाळीचा कागद व रंगीत चित्रें मागवून दिलीं. तिनें डझनभर नमुने तयार केले, आणि दुकानाच्या कामासाठीं फिरतीवर निघालेल्या भावाजवळ ते दिले. दोनशें डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ परतला तो पांच हजारांहून अधिक डॉलरांची मागणी घेऊन, अशी कथा आहे. १८५० च्या फेब्रुवारींत तिच्या मालाची जाहिरात वुस्टरच्या वर्तमानपत्रांत झळकली.

एकट्या दोन हातांनीं ही मागणी पुरी होणें अशक्य होतें. तेव्हां एस्थरनें मैत्रिणींना बोलाविलें आणि राहत्या घरांतच एक लांब मेज मांडलें. आपल्याकडे पापडांच्या दिवसांत जशी एकजण लाटी करते, दुसरी लाटते आणि तिसरी वाळत घालते, तशीच इथें कामाची वांटणी झाली. एकीनें चित्रें कातरावयाचीं, दुसरीनें खालचा कागद घालावयाचा, तिसरीनें जाळी डकवावयाची. आणि नमुना मात्र एस्थरनें ठरवावयाचा व तयार माल तिनेंच तपासावयाचा. ज्यांना घर सोडून येणें शक्य नसे, त्यांच्याकडे सर्व साहित्य भरलेली पेटी जाई आणि तयार पत्रें घेऊन ती परत येई. मध्यमवर्गांतील स्त्रीला अब्रूनें कमाई करण्याच्या वाटा त्या काळीं थोड्याच होत्या. शिक्षिकेचें काम किंवा शिवणकाम, ह्यांपलीकडे फारसें कांहीं नसे. त्यांत ही एक स्वच्छ, नीटस आणि आनंदाची वाट निघाली.

एस्थरची कल्पकता तिच्या मांडणींत दिसते. पांढऱ्या जाळीखालीं ती लहानसा रंगीत कागद ठेवी, त्यामुळें जाळीचें नक्षीकाम उठून दिसे. कागदाच्या चुण्या पाडून त्यांची ती जणूं कमान करी व त्यांवर वरचा थर बसवी. त्यामुळें चित्राला खोली येई. मजकूर बहुधा दर्शनीं न ठेवतां आंत असे. पुढें १८७९ सालीं तिच्या कंपनीनें कवितांचें एक पुस्तकच काढलें. गिऱ्हाइकाला पत्रावरील ओळी पसंत न पडल्या तर पुस्तकांतून दुसऱ्या निवडून त्यांवर चिकटवाव्यात, अशी ती सोय होती. पत्राच्या पाठीमागें लाल शाईनें इंग्रजी ‘एच्’ हें अक्षर उमटविलेलें असे. केवळ व्हॅलेंटाइनच्या दिवसापुरतेंच हें काम राहिलें नाहीं. नाताळ, नववर्ष आणि वाढदिवस ह्यांसाठींहि तिच्याकडे पत्रें होऊं लागलीं. धंद्याची उलाढाल वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत गेली, असें सांगतात.

परंतु काळ यंत्राचा होता. ब्रेस्लाउहून आलेल्या लुई प्रँग ह्यानें बोस्टनमध्यें रंगीत शिळाछापाचीं सुंदर कार्डें काढलीं. १८७४ पासून त्याचीं नाताळकार्डें अमेरिकेंत खपूं लागलीं. छापलें कीं काम पुरें; चिकटविण्याची दगदग नाहीं, हाताची मजुरी नाहीं. १८८१ च्या सुमारास एस्थरनें वडिलांच्या आजारपणांत त्यांची शुश्रूषा करण्यासाठीं आपला धंदा वुस्टरच्याच जॉर्ज व्हिटनी ह्याला विकला. व्हिटनीनें पुढें यंत्रें आणून जाळीचा कागद आपल्याच कारखान्यांत काढण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई झाली आणि १८६० नंतरच्या दशकांत सुरू झालेला हा व्हिटनींचा व्यवसाय १९४२ सालीं बंद पडला. एस्थर १९०४ सालीं वारली. हजारों लोकांच्या प्रेमाचे निरोप जिच्या मेजावरून गेले, ती स्वतः जन्मभर अविवाहितच राहिली.

हाताचें काम आणि यंत्राचें काम ह्यांचा झगडा ह्या कथेंत आहे, असें वरवर वाटतें. पण बारकाईनें पाहिलें तर एस्थरचीं पत्रेंहि यंत्राशिवाय झालीं नसतीं. जाळी साच्याची, चित्रें छापखान्याचीं, आणि वांटणी तर कारखान्याचीच. मग त्यांत हाताचें असें काय होतें? निवड हाताची होती. कोणता रंग कोणत्या जाळीखालीं घालावा, फूल किती तिरपें बसवावें, हें कोणा एका स्त्रीनें पाहून ठरविलेलें असे. आज एखादी मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसासाठीं रबरी ठसा शाईंत बुडविते, साच्यानें कापलेलीं फुलें कागदावर मांडून पाहते, पुन्हां उचलते, पुन्हां मांडते, तेव्हां त्या लांब मेजावर चालत असे तेंच काम ती करीत असते. बाजारांत अधिक रेखीव कार्ड मिळतें हें तिला ठाऊक असतें; पण त्या मांडण्या-उचलण्यांत जो वेळ गेला, तोच तिला मैत्रिणीला द्यावयाचा असतो.

वुस्टर येथें १८१२ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन ॲन्टिक्वेरियन सोसायटीच्या संग्रहांत एस्थरचीं पत्रें जपून ठेवलेलीं आहेत. तो जुना कागद ठिसूळ झाला असेल, गोंद पिंवळा पडला असेल. पाठीमागें लाल ‘एच्’ आहे. ज्यांनीं फुलें चिकटविलीं त्यांचें नांव कोठेंच नाहीं. मात्र एखादें फूल किंचित् तिरकें बसलेलें दिसतें, आणि तेवढीच त्या अनाम हाताची सही उरते.