धोंडो केशव कर्वे व गोदूबाई यांचा पुनर्विवाह

धोंडो केशव कर्वे व गोदूबाई यांचा पुनर्विवाह ११ मार्च, इ.स. १८९३ रोजी (शके १८१४, फाल्गुन वद्य) पुणे येथे झाला. त्या काळी हिंदू विवाहांची सक्तीची सरकारी नोंद होत नसे. त्यामुळे अशा विवाहाचा मागोवा वंशावळी, वृत्तपत्रे आणि आत्मचरित्रे एकत्र वाचूनच घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

कर्वे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे. इ.स. १८९१ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई वारल्या व त्याच वर्षी ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. दुसरा विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च, इ.स. १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. पुढे सदन पुण्यास आले.

वधूची नावे

या शोधातील खरी अडचण वधूच्या नावांची आहे. माहेरच्या जोशी, आठव्या वर्षी झालेल्या पहिल्या लग्नाने नातू, पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे आणि घरात बाया अशी एकाच स्त्रीची नावे आढळतात. कुलवृत्तांतात स्त्रीची नोंद सहसा पतीच्या शाखेत येते. निःसंतान वारलेल्या पुरुषाच्या नावाशी वंशावळीची रेघ थांबते आणि त्याच्या पत्नीचे पुढे काय झाले, हेही तेथेच दिसेनासे होते. इ.स. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचा दृष्टिकोनही असाच होता: पुनर्विवाह करताच, पहिल्या पतीच्या मालमत्तेपुरती ती स्त्री मृत समजली जाई.

तिथीचा घोळही संभवतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, या सर्वपरिचित नियमाने शके १८१४ चे १८९२ होते. परंतु फाल्गुनासारख्या वर्षअखेरच्या महिन्यासाठी ७९ मिळवावे लागतात.

वृत्तपत्रे

त्या वेळी पुण्यात ज्ञानप्रकाश (स्थापना १८४९), केसरी (१८८१) व सुधारक (१८८८) ही पत्रे निघत, तर मुंबईचे इंदुप्रकाश (१८६२) पुनर्विवाहाचे जुने पुरस्कर्ते होते. विवाहाचा दिवस शनिवार होता. केसरी मंगळवारी निघे, म्हणून त्याचा लगेचचा अंक १४ मार्चचा. अर्थात बातमी कोणत्या पत्रातील आहे, हे पाहिल्यावाचून तिचा उपयोग नाही. आगरकरांचे सुधारक पुनर्विवाहाच्या बाजूचे, तर केसरी शारदा सदनाचा टीकाकार होता. त्याच वर्षी धर्मांतराच्या प्रश्नावरून सदनाविषयी मोठा वाद उद्भवला व न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. त्यानंतरच्या मजकुरात सदनाचा उल्लेख बहुधा या वादाच्या छायेत वाचावा लागतो.

आत्मचरित्रे

कर्वे यांचे आत्मवृत्त इ.स. १९१५ मध्ये, तर आनंदीबाईंचे माझे पुराण इ.स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे पुस्तक विवाहानंतर अर्धशतकाने आलेले असले, तरी माहेर व पहिले लग्न यांसाठी तेच अधिक महत्त्वाचे, कारण तो काळ स्वतः अनुभवलेल्या व्यक्तीचे ते कथन आहे. विवाहानंतर मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावातील त्यांच्या कुटुंबीयांना बसली.

वंशावळ पाहताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. रघुनाथ हे राधाबाईंचे पुत्र, तर शंकर, दिनकर व भास्कर हे आनंदीबाईंचे. केवळ पित्याच्या नावाने रेखाटलेल्या तक्त्यात हे चौघे एकाच ओळीत येतात.